दोन साडूंचं कॅलेंडर

३ फेब्रुवारी

साडूभाऊंना पाववाल्याचा वाकून नमस्कार,

पत्र बघून दचकू नका, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोन केला असता, पण बेकरीतला फोन भट्टी आणि गिऱ्हाइकं यांच्या बरोबर मधे आहे. मेसेज टाकावा तर तुमचा मोबाइल तुमच्याआधी तुमची मुलं बघतात. विषय असा आहे की तो फक्त साडूलाच विचारता येतो. भावाला विचारावा तर तो बायकोला सांगणार, मित्राला विचारावा तर तो चौकात सांगणार. आपण दोघांनी सख्ख्या बहिणी केल्या, म्हणजे एकाच शाळेतले विद्यार्थी, तुम्ही फक्त वरच्या वर्गात.

माझ्या धाकटीची बातमी तुमच्या थोरलीने सांगितलीच असेल. बंदरावर क्रेन चालवायच्या शिक्षणासाठी तिची निवड झाली. बाई ती एकटीच. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस शिडी चढून वर केबिनमध्ये, वर्षाअखेरीस परीक्षा आणि मग परवाना. मी हल्ली प्रत्येक गिऱ्हाइकाला पावाबरोबर ही बातमीही बांधून देतो. न विचारणाऱ्यालाही देतो.

आता अडचण ऐका. पोटुशी बाईला शिडी चढता येत नाही, असा बंदराचा नियम आहे. नियम बरोबरच आहे, पण या वर्षात तसं काही झालं तर तिची जागा यादीतल्या पुढच्याला जाणार, आणि पुन्हा निवड कधी होईल ते बंदरालाही ठाऊक नाही. म्हणजे हे वर्ष आम्हाला डोळ्यांत तेल घालून सांभाळायचं आहे. गोळ्यांनी तिचं डोकं असं दुखतं की एका बाजूचं दिसेनासं होतं, म्हणून डॉक्टरांनी त्या कायमच्या बंद केल्या. तांबी बसवली तर रक्त थांबेना, काढावी लागली. राहिली निरोधची पाकिटं. त्यातलं एक फाटलं म्हणून तर आमच्या घरात कन्या रांगू लागली. कन्येचा आनंद आहेच, पण पाकिटावरचा धाकटीचा विश्वास तेव्हापासून उडाला तो उडालाच.

दवाखान्यात एक नर्सबाई नैसर्गिक पद्धत शिकवतात. धोक्याचे दिवस कुठले, बिनधोक कुठले, ते आपलं आपण ओळखायला. धाकटीला तिथे जायचंय. पण नवरा-बायको दोघांनी यायचं, अशी अट आहे. साडूभाऊ, त्या खोलीबाहेरच्या बाकावर ओळीने बायका बसलेल्या असतात आणि त्यातल्या निम्म्या माझ्याकडून पाव नेतात. भट्टी सोडून येता येत नाही, असं मी सांगून टाकलं.

मग तुमची आठवण झाली. तुमच्या दोन मुलांत चांगलं सहा वर्षांचं अंतर, त्यानंतर पूर्णविराम, आणि गोळी नाही की तांबी नाही, असं धाकटीकडून ऐकलंय. कसं जमवलंत ते सविस्तर लिहा. लाजू नका. लाजायचं काम मी करतोच आहे, एकाने लाजलं की पुरे.

तुमचा पीठमळ्या साडू


११ फेब्रुवारी

साडूबुवा,

तुमचं पत्र दुकानात आलं ते बरं झालं. समोर गिऱ्हाईक होतं, तरी डोळ्याचं भिंग न काढता वाचलं. गिऱ्हाइकाला वाटलं, त्याच्या घड्याळात काहीतरी भयंकर बिघाड सापडला.

योग्य माणसाला विचारलंत. पंधरा वर्षं झाली माझ्या लग्नाला, आणि एवढ्या वर्षांत एकदाही माझा हिशेब चुकलेला नाही. या गोष्टीचा मला माझ्या कारागिरीइतकाच अभिमान आहे, फक्त दुकानाच्या पाटीवर लिहिता येत नाही एवढंच.

बाईचं शरीर म्हणजे उत्तम बनावटीचं घड्याळ. एका पाळीपासून दुसऱ्या पाळीपर्यंत त्याचा एक फेरा. फेऱ्याच्या सुरुवातीचे आणि शेवटचे दिवस बिनधोक, मधले धोक्याचे. हे एकदा कळलं की झालं. मी बाकड्यामागे कॅलेंडर लावलंय. मधले दिवस लाल पेन्सिलीने रंगवतो, बाकीचे हिरव्या. लोकांना वाटतं, लाल म्हणजे दुरुस्तीची घड्याळं परत द्यायच्या तारखा. एक गृहस्थ तर लाल दिवस बघून घड्याळ न्यायला आले होते.

थोरलीने आजवर एकदाही हरकत घेतलेली नाही. हां, कधी हिरव्या दिवशीच तिची कंबर धरते, कधी रात्री अचानक कपाट आवरायला काढते, कधी माझ्या आईला चार दिवस राहायला बोलावते. ते चालायचंच. घड्याळही कधी कधी उगाच मागे पडतं, म्हणून कोणी ते फेकून देत नाही.

नर्सबाईंची पायरी चढायची काही गरज नाही. एक कॅलेंडर आणा, दोन पेन्सिली आणा, आणि धाकटीला सांगा की निर्धास्त चढ शिडी, तुझे दोन पुरुष खाली राखणीला उभे आहेत. क्रेनवर बसलेली मेहुणी मिळायला भाग्य लागतं. माझ्याही गिऱ्हाइकांना ही बातमी मिळते आहे, आणि मी ती पावाशिवाय देतो.

पेन्सिली चांगल्या घ्या.

आपला घड्याळजी


९ एप्रिल

साडूभाऊ,

आज थट्टा सुचत नाही, तेव्हा सरळ लिहितो.

तुम्ही सांगितलं तसं कॅलेंडर आणलं, रंगवलं, स्वयंपाकघरात लावलं. धाकटी मात्र मधल्या काळात एकटीच नर्सबाईंकडे जाऊन आली होती. त्यांनी तिला सांगितलं की कन्येचं अंगावरचं दूध नुकतंच तुटलंय, पाळी अजून मागेपुढे होते, तेव्हा नुसत्या तारखांवर जाऊ नका. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर लावा, आणि अंगावरून जाणारा पांढरा स्राव रोज बघा. तो कोरडा आहे, चिकट आहे की पातळ, त्यावरून कळतं.

मागच्या महिन्यात एकदा धाकटी म्हणाली, आज मला ओलसर वाटतंय, नको. मी तिला भिंतीवरचा हिरवा रंग दाखवला. म्हटलं, वाटण्यावर काय जायचं, साडूभाऊंची पंधरा वर्षं खोटी आहेत का? बराच वेळ वाद घातला मी. शेवटी ती म्हणाली, "बरं. तुमच्या दोघांचं कॅलेंडर."

पाळी यायची वेळ केव्हाच टळली आहे.

चाचणी करू म्हटलं तर म्हणते, थोडं थांब, लवकर केली तर उलटसुलट येते. मला माहीत आहे, तिला कळून घ्यायचंच नाहीये. कळलं की तिला ते लपवता येणार नाही, आणि शिडी बंद. ती रोज जाते, रोज चढते. मी सकाळी पाव भाजतो आणि डोळ्यांसमोर ती शिडी असते. काल पहिली खेप मी करपवली, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिने मला एका शब्दाने बोल लावलेला नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

तुमच्या घड्याळात असं कधी झालंय का? झालं असेल तर मग काय केलंत, ते लगेच कळवा.

पाववाला


१५ एप्रिल

साडूबुवा,

तुमच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर मला आधी जमिनीवर बसायला हवं, कारण तुमच्या पत्राने मी तिथेच पोचलोय.

पत्र घेऊन घरी गेलो. थोरली कपडे वाळत घालत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू बहिणीला समजाव की पद्धत चुकीची नाही, पेन्सिल चालवणाऱ्याचा हात चुकला असेल. तिने चिमटा तोंडात धरला होता, तो खाली पडला. आधी हसायला लागली. हसता हसता खुर्चीत बसली. मग हसू गेलं आणि तिने पत्र माझ्या हातातून घेऊन पुन्हा वाचलं.

साडूबुवा, ती माझ्या कॅलेंडरवर एकही दिवस चाललेली नाही.

लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ती स्वतःच्या अंगाकडे बघून चालते. अशाच एका नर्सबाईंकडून शिकली होती. माझा हिरवा आणि तिचा दिवस जुळला तर ठीक. नाही जुळला की तिची कंबर धरायची. कपाट निघायचं. माझी आई राहायला यायची. पंधरा वर्षं माझ्या आईला वाटतंय की सुनेला तिचा फार लळा आहे.

मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाली, "सुरुवातीला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, असं कुठे दिसतं का. मग म्हटलं, रंगवू दे, नाद तरी चांगला आहे."

एवढ्यावर थांबली असती तर मीही हसलो असतो. पण पुढे म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला: "लक्ष ठेवायचं मीच, नाही म्हणायचं मीच, आणि तुमचं मन मोडू नये म्हणून कारण शोधायचं तेही मीच. दमले हो मी."

ती कधी दमली म्हणत नाही. मी बादलीतले उरलेले कपडे वाळत घातले. आणि खरं सांगू, लाज वाटायची ती वाटलीच, पण तिच्याकडे बघून ऊरही भरून आला. दुकानात मी ज्या गोष्टीचा तोरा मिरवत होतो, ती सगळी हिची कामगिरी. आणि हिने एकदाही हूं की चूं केलं नाही.

दुसऱ्याला शिकवायला निघालो आणि स्वतःच नापास झालो. धाकटीचं काय होतंय ते तातडीने कळवा. थोरली म्हणते, तुम्ही आता काहीही सल्ला देऊ नका. म्हणून देत नाही.

घड्याळजी


१९ एप्रिल

साडूभाऊ,

पाळी आली. काल दुपारी, ती वर केबिनमध्ये असताना.

आणखी लिहिण्याच्या लायकीचा मी आज नाही.

पाववाला


२ जून

साडूभाऊंना आणि खास करून थोरलीला नमस्कार,

दीड महिना पत्र नाही म्हणून रागावू नका. शाळेत गेलो होतो.

पाळी आल्याचं सांगताना धाकटी हसेल असं मला वाटलं होतं. ती हसली नाही. डबा धुवून ठेवला आणि म्हणाली, मी परत एकदा असे दिवस काढणार नाही, तुला माझ्याबरोबर यायचं असेल तर ये, नाहीतर माझं मी बघेन आणि तू बाहेरच्या खोलीत झोप. भांडणाचा सूर नव्हता. क्रेनवाल्या बायका असं बोलत असाव्यात. मी भट्टी बेकरीतल्या जोडीदाराच्या हवाली केली आणि गेलो.

बाकावर माझी पाच-सहा गिऱ्हाइकं होतीच. एकीने विचारलं, आज पाव इथे मिळणार का? मी मान खाली घालून आत शिरलो. खोली एवढीशी, दोन खुर्च्या, एक स्टूल, खिडकीत कुंडी. मी स्टुलावर. नर्सबाई माझ्यापेक्षा लहान असतील, पण नजर हेडमास्तरांची. आम्ही झालेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "स्त्रीबीज उशिरा सुटलं असणार, म्हणून पाळी लांबली. वाचलात, पण तुमच्या हिशेबाने नाही वाचलात." मग मला विचारलं, काम काय करता. सांगितलं. तर म्हणाल्या:

"पीठ फुगून तयार झालं हे कशावरून ओळखता?"

"बोट रुतवून बघतो. खळगा हळूहळू भरला की तयार."

"घड्याळ लावून नाही?"

"घड्याळाचं काय काम? थंडीत वेळ लागतो, उन्हाळ्यात पटकन येतं. पिठाकडेच बघावं लागतं."

"मग बायकोच्या बाबतीत भिंतीकडे का बघत होता?"

दार नीट लागलेलं नव्हतं. बाहेरचा अख्खा बाक हसला. साडूभाऊ, त्या हसण्यानंतर माझी लाज संपली. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, मग मी स्टूल पुढे ओढून नीट ऐकलं.

स्राव आधी चिकट असतो. मग पारदर्शक होतो, दोन बोटांत ताणला तर तार धरतो, अंड्याच्या पांढऱ्यासारखा. रोज एवढी अंडी फोडणाऱ्याला हे समजवावं लागलं नाही. ते दिवस धोक्याचे. स्त्रीबीज सुटून गेलं की सकाळचं तापमान किंचित चढतं आणि चढलेलंच राहतं. दोन्ही खुणांचं एकमेकींशी जुळलं आणि तीन दिवस तसंच टिकलं, तरच पुढचे दिवस मोकळे. एकच खूण बघून उडी मारायची नाही. कुठलीच पद्धत शंभर टक्के नसते, हेही त्यांनी दोनदा बजावलं. आणि म्हणाल्या, अंग तिचं असलं तरी लक्ष दोघांचं हवं.

तर आता आमचं काम असं चालतं. तापमान रोज एकाच वेळी, उठायच्या आधी घ्यायचं असतं, आणि त्या वेळी मी भट्टीपुढे असतो. म्हणून मी बेकरीतून तिला फोन लावतो. ती झोपेतच थर्मामीटर तोंडात धरते. मी पलीकडून तिचा श्वास ऐकत उभा राहतो, मग ती आकडा सांगते आणि मी भट्टीशेजारी लावलेल्या आलेखावर ठिपका देतो. दुसरं काही बोलत नाही आम्ही. तरी सांगतो, दिवसातला तो मला सगळ्यात आवडणारा फोन आहे.

आलेखाने एकदा घात केला. जोडीदाराला वाटलं, मी पीठ फुगवायच्या खोलीचं तापमान लिहून ठेवतोय. त्याने मन लावून ठिपके वाचले आणि खोली धाकटीच्या तापमानावर लावली. मी परत येईपर्यंत पीठ साच्यांतून उतू जाऊन फळीवरून लोंबत होतं. काय सांगणार त्याला? सांगितलं, ही दुसरीच भट्टी आहे, तिला हात लावायचा नाही. धाकटी हे ऐकून इतकी हसली की तिला उचकी लागली. एप्रिलनंतर पहिल्यांदा हसली.

थोरलीला सांगा, त्यांचं ते 'दमले' मी धाकटीला वाचून दाखवलं. 

तुमचा विद्यार्थी साडू


२० ऑगस्ट

साडूबुवा,

तुमचं पत्र इकडे दोघांनी मिळून वाचलं. यापुढे तसंच वाचणार आहोत, तेव्हा जपून लिहा.

दुकानातलं कॅलेंडर उतरवलं. दोन गिऱ्हाइकांनी तक्रार केली, घड्याळ कधी मिळणार ते आता कसं कळायचं म्हणून. पेन्सिली मुलाला दिल्या.

आमचीही शिकवणी सुरू आहे, घरच्या घरी. थोरली म्हणते, आता बेचाळिशीत पाळी लहरी होते आहे, खुणाही पूर्वीसारख्या सरळ नाहीत, त्यामुळे जास्त डोळस राहायला हवं आणि गरज पडली तर डॉक्टरांकडे जायला हवं. मी म्हटलं, जाऊ, दोघं जाऊ. पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या घड्याळांना कान लावला. आता हिला रोज विचारतो, आज काय? पहिल्यांदा विचारलं तेव्हा ती एवढी लाजली की मला लग्नाचे दिवस आठवले.

आणि एक मोठी सुधारणा. ती आता नुसतं 'आज नाही' म्हणते. कंबर नाही, कपाट नाही. त्या 'आज नाही'चं मला एवढं कौतुक वाटतं की काय सांगू. बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं सांगते. आईचं येणं मात्र कमी झालं. ती विचारते, सुनेचं काही बिनसलंय का?

धाकटीची परीक्षा जवळ आली की कळवा. आता खाली थोरली थोडं लिहिणार आहे, मला वाचू देत नाही.

घड्याळजी

भाऊजी, आमच्या ह्यांनी पत्रात स्वतःला नापास केलं ते ठीक, पण आता ते वर्गात पहिले येत आहेत हेही लिहायला हवं. माझ्या बहिणीने क्रेन हाती घेतली याचा मला जेवढा गर्व आहे, तेवढाच तुम्ही स्टुलावर बसलात याचा आहे. बाकावरच्या बायकांना आपले नवरे दिसले असतील तुमच्यात. सांभाळून रहा. — थोरली


१४ जानेवारी

साडूभाऊ, थोरली,

सुखरूप पार पडलं. आता पहिल्यापासून सांगतो.

परीक्षा डिसेंबरातच व्हायची होती. वाऱ्यामुळे पुढे ढकलली, मग परीक्षक आजारी पडले, मग पुन्हा वारा. त्यात धाकटीला सर्दी-ताप झाला. तापात सकाळचा आकडा चढणारच, तो धरून चालत नाही. आलेखावर ठिपके वर गेलेले दिसत होते आणि आम्हाला माहीत होतं की ते खोटे आहेत. नर्सबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, ताप उतरू दे, खुणा पुन्हा पहिल्यापासून जुळू देत, तोवर थांबा. थांबलो. किती थांबलो ते लिहीत नाही, थोरली वाचते आहे. पण एवढं सांगतो की एका संध्याकाळी धाकटी स्वतःच म्हणाली, कंटाळा आला रे, जाऊ दे ना. आणि या खेपेला मी म्हणालो, "आज नाही."  मग तिने कन्येला उचलून माझ्या मांडीवर दिलं आणि आम्ही तिघं पत्ते पिसत बसलो. कन्येने राजा चावला.

आणि काल परीक्षा. घरच्यांना कुंपणाबाहेर उभं राहायची परवानगी होती. मी कन्येला खांद्यावर घेऊन गेलो. धाकटी शिडी चढली. खालून बघताना शिडी संपतच नाही असं वाटतं. केबिनचं दार लागलं, मग बराच वेळ काहीच होईना.  मग वरचा गाडा सरकला, दोर उतरले, आणि एक लाल कंटेनर जमिनीवरून सुटला. वारा होता. कंटेनर हेलकावा खायला लागला. माझ्या शेजारचा जुना चालक पुटपुटला, आता घाई करू नये. तिने केली नाही. थांबली. हेलकावा मरू दिला, मग नेला आणि आखलेल्या चौकोनात असा ठेवला की आवाजही झाला नाही. जुन्या चालकाने टोपी काढून डोकं खाजवलं. त्यांच्याकडे ही मोठीच शाबासकी असते, असं मागून कळलं.

ती खाली आली. परवान्याचा कागद हातात, हेल्मेट काखेत, केस घामाने चिकटलेले. एवढी सुंदर मी तिला कधी पाहिली नव्हती, लग्नातही नाही. भोवती सगळे चालक, शिकाऊ मुलं, दोन साहेब. शिकवणारे मास्तर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "नशीबवान आहात. तरुण जोडपं, लहान मूल, मला तर दर महिन्याला धाकधूक होती की ही आता सांगते की मग सांगते. नशिबाने वर्ष निभावलं तुमचं."

बोलणारा माणूस चांगला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. हसून मान डोलावली असती तर तिथेच मिटलं असतं. गेल्या वर्षीचा मी तेच करून पावांकडे पळालो असतो.

मी म्हणालो, "नशीब नाही मास्तर. तिने रोज स्वतःकडे बघितलं आणि मी रोज तिला विचारलं. दवाखान्यात शिकवतात. आम्ही दोघांनी शिकून घेतलं."

 साहेब कागद बघायला लागले. मास्तरांचे कान लाल झाले, पण त्यांनी हात सोडला नाही. आणि धाकटी, जिने वर्षभर त्या पुरुषांमध्ये घराबद्दल चकार शब्द काढला नव्हता, ती पुढे आली. मला वाटलं, आता ही चिडणार. तिने हेल्मेट माझ्या डोक्यावर घातलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली:

"हा माझा नवरा. पाववाला आहे. खालचं अर्धं काम याने केलं."

आम्ही फाटकातून बाहेर पडलो तेव्हा हेल्मेट माझ्याच डोक्यावर होतं. एक शिकाऊ मुलगा मागून धावत आला, नवं लग्न झालेलं असावं.  मी थांबलो. तो बुटांकडे बघत म्हणाला, ती खोली दवाखान्यात कुठल्या बाजूला आहे?

मी त्याला नीट सांगितलं. आणि म्हटलं, बायकोबरोबर जा, एकटा जाऊ नको. बाकावर बायका हसतील, तर हसू दे.

पाववाला